ओपीडी घटली तर कुणाचं चुकलं?

पुण्याहून लोणावळा लोकलनं निघालं की तळेगावानंतर वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी मावळची स्टेशनं लागतात. रुळाच्या बाजूनं महामार्ग, थोडा पलीकडे द्रुतगती मार्ग. तालुक्याची बहुतेक वर्दळ या एका पट्ट्यात. पट्टा सोडून उत्तरेला वळलं की नाणे मावळ, त्याच्याही पलीकडे अंदर मावळ. दक्षिणेला पवन मावळ. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तळेगावात त्याच्या निम्माही नाही. खडकाळा, कार्ला, टाकवे बुद्रुक, येळसे, आढले इथली प्राथमिक आरोग्य केंद्रं मात्र सरकारी कागदावर एकाच साच्यातली.

या केंद्रांचं काम मोजायचं कसं, यावर पुढं दोघंजण भांडतात. आत्या उपकेंद्रात नर्सबाई होत्या, निवृत्त होऊन कामशेतला राहतात. भाचा बाणेरच्या एका कंपनीत इस्पितळांच्या आकडेवारीचं काम करतो. दोघंही कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र तालुक्याच्या आढावा बैठकीत एकदा तरी बसलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

भाचा : आत्या, राग मानू नकोस, पण तुमच्या खात्याला काम मोजायची सवयच नाही.

आत्या : सवय नाही? अरे, जन्म गेला माझा मोजण्यात. गरोदर माता किती, जोखमीच्या किती, कुणाला टीटी दिलं, कुणाचं हिमोग्लोबिन सातच्या खाली. महिनाअखेरीला अहवाल. पुढं तेच सगळं संगणकावर, एचएमआयएसमध्ये. क्षयरोगाला निक्षय वेगळं, लसीकरणाला यू-विन वेगळं. एकच बाळ चार ठिकाणी लिहायचं, आणि लिहिण्यात गेलेला वेळ कुठल्याच रकान्यात येत नाही.

भाचा : ते लिहिणं झालं. मी तुलनेचं म्हणतोय. समज, दोन केंद्रं आहेत. दोन्हीकडे दोन डॉक्टर, तेवढ्याच नर्स, सहा खाटा, साधारण तेवढंच औषध. एकाची ओपीडी दुसरीच्या तिप्पट. मग दुसरीकडे पैसा वाया जातोय की नाही?

आत्या : दुसरं केंद्र कुठं आहे ते सांग आधी.

भाचा : तेच तर, आमच्या गणितात जागा महत्त्वाची नसते. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि रोड्स या तिघांनी अमेरिकेतल्या शाळांच्या एका कार्यक्रमाचा हिशोब करायला एक पद्धत बसवली, डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस. आत काय घातलं आणि बाहेर काय आलं, दोन्ही मांडायचं. डॉक्टर, नर्स, खाटा, औषधं आत. ओपीडी, बाळंतपणं, लसीकरण बाहेर. सगळ्या केंद्रांत जे कमीत कमीत जास्तीत जास्त काढतं त्याला एक गुण, बाकीच्यांना त्याच्या मानानं शून्य ते एकच्या मध्ये. जगभर दवाखान्यांसाठी वापरतात.

आत्या : म्हणजे सगळीच केंद्रं ढिली असली तरी त्यातल्या एकाला पैकीच्या पैकी?

भाचा : हो, तो दोष आहे त्यात. गुण आपसातल्या तुलनेचे असतात.

आत्या : वासरांत लंगडी गाय शहाणी. मग एवढं इंग्रजी नाव कशाला?

इथं आत्यांना टाळी द्यावीशी वाटते, पण पद्धत इतकी टाकाऊ नाही. एकाच तालुक्यातली, सारख्या अडचणींची केंद्रं शेजारी शेजारी ठेवली तर ती उपयोगी पडते. गडबड होते ती अंदर मावळाला महामार्गाच्या पंक्तीला बसवल्यावर. १९४६ च्या भोर समितीनं सुरुवातीला चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं. आजचा निकष सपाटीवर तीस हजार आणि डोंगराळ, आदिवासी भागात वीस हजार असा आहे. डोंगराची सोय झाली. पाऊस, लोकल आणि माहेर या तीन गोष्टी मात्र कुठल्याच निकषात नाहीत.

भाचा : लोकलचा काय संबंध?

आत्या : कामशेतच्या बाईला ताप आला तर ती अर्ध्या तासात तळेगावात पोचते, नाहीतर सरळ पिंपरीला वायसीएम रुग्णालयात. ठोकरवाडी धरणाच्या कडेच्या वाडीतली बाई जाते कुठं? केंद्रात येते, नाहीतर घरीच राहते. पावसात ओढा भरला की घरीच. तुझ्या तक्त्यात पहिल्या केंद्राची ओपीडी कमी दिसेल, कारण लोकांना दुसरा दवाखाना आहे. दुसऱ्याचीही कमीच दिसेल, कारण लोकांना वाट नाही. आकडा एकच, दुखणं वेगळं.

भाचा : मान्य. आणि माहेर?

आत्या : तुझं लग्न झालं की कळेल. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. महिनोन्महिने मी तपासते, गोळ्या देते, वजन घेते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात ती चालली खेडला नाहीतर जुन्नरला. बाळंतपण तिकडच्या केंद्राच्या खात्यावर. तिकडची माहेरवाशीण माझ्याकडे येते, ती माझ्या खात्यावर. सासरचं काम आणि माहेरचा आकडा!

भाचा : मोठ्या संख्येत ते एकमेकांत फिटतं, आत्या.

आत्या : जिल्ह्याला फिटत असेल. उपकेंद्राला नाही फिटत. तीन हजार वस्तीत वर्षाला बाळंतपणं होतात किती? चार बायका इकडच्या तिकडे झाल्या की तुझा गुण खाली.

भाच्याचं यावर काही चुकतही नाही. तो म्हणतो तसं संख्या लहान असली की महिन्याचा आकडा न बघता तीन वर्षांचा एकत्र बघावा. पण आढावा बैठक दर महिन्याला असते आणि विचारणाही महिन्याच्याच आकड्याची होते, हे त्याला बाणेरमध्ये बसून दिसत नाही.

पुढचा मुद्दा छेदाचा. २०११ च्या जनगणनेत मावळची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. दरम्यान तळेगाव, सोमाटणे, वडगाव, कामशेत वाढत गेले, औद्योगिक वसाहतीत माणसं आली, घाटातल्या बोगद्यांच्या कामाला मजूर आले. अंदाजानं काढलेल्या लोकसंख्येवर टक्केवारी काढली की एखाद्या गावात शंभराच्या वर मुलांचं लसीकरण झालेलं दिसतं, आणि शेजारच्या वाडीत कातकऱ्यांची पोरं कुठल्याच यादीत नसतात. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ती वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. ज्या केंद्राच्या हद्दीत भट्टी आहे त्याच्या यादीत ती नवखी, आणि ज्याच्या हद्दीत वाडी आहे त्याच्या यादीत ती ‘गैरहजर’.

आत्या : तुला एक कुपी दाखवते. आता माझ्याकडे नाही, पण डोळ्यांपुढं आण. बीसीजीची. तपकिरी काच, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. आत पावडर असते. सलाइन घालून ती विरघळवायची, कुपीवर वेळ लिहायची आणि चार तासांत वापरायची. चार तास झाले की टाकून द्यायची, त्यात तडजोड नाही. एका कुपीत दहा डोस. आता मी गेले वाडीवर, चार बर्फाच्या पाकिटांचा डबा खांद्याला. तिथं बीसीजीची बाळं तीन. फोडू की नको?

भाचा : पुढच्या सत्राला सगळ्यांना एकत्र बोलावलं तर?

आत्या : वाडीवरचं सत्र महिन्यातनं एकदा. पुढच्या महिन्यात पाऊस असेल, नाहीतर ती बाई भट्टीवर गेलेली असेल. मी फोडायचे. तिघांना दिली, सात डोस टाकले. महिन्याच्या कागदावर सत्तर टक्के नासाडी.

भाचा : सरकारच्या हिशोबात बीसीजीची निम्मी नासाडी धरलेलीच असते.

आत्या : निम्मी. सत्तर नाही. आणि जी बाई कुपी न फोडता परत आली, तिची नासाडी शून्य. तुझं गणित शहाणी कुणाला म्हणणार?

भाचा : नासाडीबरोबर राहिलेली बाळंही मोजली तर तुला म्हणेल.

आत्या : मग मोज ना. तिथंच तर सगळे थांबतात.

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. मोजणं हा आत्यांच्या तक्रारीचा विषयच नाही. दारात आलेल्यांना मोजून न आलेल्यांचा विषय संपवला जातो, हे त्यांना खटकतं. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत नेमकी उलटी सुरुवात केली होती. एकोणचाळीस गावांत घरोघरचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू त्यांनी नोंदवला. दवाखान्याच्या रजिस्टरात ही बाळं कधी आलीच नव्हती. गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक खाली आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. त्या गावांतल्या कुठल्या दवाखान्याची ओपीडी किती वाढली, हा प्रश्न तिथं कुणी विचारला नाही.

आता भाच्याची बाजू. ती हलकी नाही.

भाचा : तू चांगली होतीस म्हणून वाडीवर गेलीस. जी जात नव्हती तिला पकडायचं कशानं? डॉक्टर निवासस्थानात राहत नाही, रात्री आलेल्या बाईला शिपाई सांगतो ‘पुढं न्या’. रेफर केलं म्हणून नोंद होते आणि सगळ्यांचे हात झटकले जातात. तेव्हा आकडाच बोलतो.

आत्या : काही वेळा रेफर करणं हेच खरं काम असतं. हिमोग्लोबिन सहा, पायाला सूज, बीपी वाढलेलं. तिला मी इथं बाळंत केलं असतं तर आकडा वाढला असता आणि बाई गेली असती.

भाचा : म्हणून रेफर का केलं ते लिहा. किती वाजता निघाली, १०८ किती वेळात आली, कान्ह्याच्या रुग्णालयात जागा मिळाली की औंधच्या रुग्णालयात जावं लागलं, बाळ-बाळंतीण कशी आहे. चार रकाने. ते भरले तर जोखमीचं रेफर आणि आळसाचं रेफर वेगळं दिसेल. तू विरोध कशाला करतेस?

आत्या : विरोध नाही रे. पाचवा रकाना घाल: पुढच्या इस्पितळात त्या वेळी भूल देणारा डॉक्टर होता का?

या पाचव्या रकान्यावर दोघंही काही वेळ गप्प बसले असते, कारण प्रश्न मोठा आहे. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हवेत. २०२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरच्या अशा रुग्णालयांत या चार तज्ज्ञांची मिळून जवळपास ऐंशी टक्के तूट होती. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे पण भूलतज्ज्ञ नाही, असं असेल तिथं सिझेरियन होत नाही. मग त्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं काम कागदावर शून्य दिसतं आणि बाई आळशी ठरते. एमबीबीएस डॉक्टरला तातडीच्या बाळंतपणापुरती भूल द्यायला शिकवण्याचा अभ्यासक्रम सरकारचाच आहे. शिकून आलेला डॉक्टर जिथं शस्त्रक्रियागृह आहे तिथंच नेमला जातो का, एवढं बघितलं तरी बराच फरक पडेल.

भाच्याजवळ खाटांसाठीही एक तक्ता आहे. कोलंबियाच्या पाबोन लासोंनी १९८६ मध्ये मांडलेला. एका बाजूला खाटा किती टक्के भरलेल्या, दुसऱ्या बाजूला वर्षात एका खाटेवर किती रुग्ण येऊन गेले. चार चौकोन पडतात. खाटा रिकाम्या आणि रुग्ण झरझर येऊन जाणारे, या चौकोनात इस्पितळ पडलं तर तिथं बहुतेक साधी बाळंतपणं होतात, अवघड रुग्ण दुसरीकडे जातात असं धरायला हरकत नाही. इथपर्यंत तक्ता चांगला. का जातात, ते विचारायला माणूसच पाठवावा लागतो.

आत्या : सर्पदंशाचं काय करशील? भातलावणीत बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या, बांधाला घोणस, दगडाखाली फुरसं. प्रतिविषाच्या दहा कुप्यांपासून उपचाराला सुरुवात. एखाद्या वर्षी एकही रुग्ण येत नाही आणि कुप्यांची मुदत संपते. वाया गेल्या म्हणशील?

भाचा : नाही. त्याला तयारी म्हणेन आणि वेगळी मोजेन. वर्षातले किती दिवस कुप्या शिल्लक होत्या, एवढंच बघायचं. वापर किती झाला ते नाही. रात्रीच्या नर्सचंही तेच. पण आत्या, एक ऐक. घाटाखाली महाडच्या बाजूला बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर होते. विंचू चावलेल्या रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, सगळं लिहीत गेले. त्यातून प्राझोसिनची गोळी चालते हे कळलं, १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. आरोग्य केंद्रात बसून मोजलं म्हणूनच ना?

आत्या : रुग्णाशेजारी बसून मोजलं. बाणेरला बसून नाही.

भाच्याला हे लागलं असावं, कारण पुढचा मुद्दा त्यानं स्वतःच्या विरोधात जाणारा काढला. २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यात उपचाराची ठरलेली साखळी, रुग्णाचं कार्ड आणि तीस दिवसांच्या गोळ्या एकदम. आता हिशोब करा. एका केंद्रात बीपीचे शंभर रुग्ण आहेत. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या तर महिन्याला सव्वाचारशेच्या वर केसपेपर निघतात. तीस दिवसांच्या दिल्या तर शंभर. डॉक्टरनं शहाणपणा केला, म्हाताऱ्यांच्या तीन खेपा आणि एसटीचं भाडं वाचवलं, आणि ओपीडी सव्वातीनशेनं पडली. भाच्याच्या गणितात ओपीडी ‘बाहेर आलेल्या’ कामात धरली असेल तर हे केंद्र तालुक्यात खाली जातं. शंभरांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या आत आला, असं विचारलं तर तेच केंद्र वर येतं.

भाचा : त्यामुळे ओपीडीचा आकडा मी काढूनच टाकला असता.

आत्या : काढू नकोस. डॉक्टरचा वेळ कसा जातो ते त्यावरनं कळतं. सकाळ-संध्याकाळ मिळून सहा तास ओपीडी, नव्वद पेशंट, म्हणजे माणशी चार मिनिटं. एकशेऐंशी झाले की दोन. दोन मिनिटांत ‘ताप आहे का, खोकला आहे का’ यापलीकडे काय होतं?

२०१७ मध्ये ६७ देशांतल्या पाहण्या एकत्र करून छापल्या गेल्या. बांगलादेशात रुग्णाला डॉक्टरची सरासरी ४८ सेकंद मिळतात, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. ओपीडीचा आकडा मोठा आणि माणशी वेळ छोटा, अशा केंद्राला बक्षीस द्यायचं की दुसरा डॉक्टर? माझ्या मते दुसरा डॉक्टर. त्यातच १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यानं सरकारी आरोग्य संस्थांमधलं शुल्क माफ केलं. त्या तारखेनंतर ओपीडी वाढली असेल तर ती धोरणामुळे. तिच्यावरून कुणाची पाठ थोपटणं किंवा वाढली नाही म्हणून कुणाला झापणं, दोन्ही घाईचं.

दोघांचं एकमत फार थोड्या गोष्टींवर झालं. गर्दी ज्या वेळी असते त्या वेळी माणूस हजर हवा: लावणीच्या दिवसांत सकाळी बाया शेतात असतात, तेव्हा संध्याकाळची ओपीडी खरी, बाजाराच्या दिवशी मधुमेह-बीपीची तपासणी ठेवावी, कारण वाड्यांवरचे लोक त्या दिवशी आपणहून खाली उतरतात. आत्यांनी अजून एक अट घातली. गुण देणाऱ्यांत गावचे लोक पाहिजेत.

ही अट नवी नाही. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला, पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयानं, आणि पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे जिल्हा होता. गावकरी बसून आपल्या केंद्राचं प्रगतिपुस्तक भरत: चांगलं तिथं हिरवा रंग, बरं तिथं पिवळा, वाईट तिथं लाल. मग जनसुनवाई. समोर अधिकारी, माइक बाईच्या हातात. औषध बाहेरून का आणायला लावलं, पैसे का मागितले, नर्स येते का, असे प्रश्न. भाच्याचा आक्षेप आहे की हे मत झालं, माप नव्हे. तक्रार करणारा मोठ्यानं बोलतो, समाधानी माणूस घरी राहतो. आक्षेप खरा आहे. तरी दारावर कुलूप होतं की नव्हतं, हे सांगायला त्या बाईइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

मावळातल्या वाचकांना एवढंच सांगणं. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होते. पुढच्या सभेत ओपीडी किती झाली ते विचारू नका. गेल्या वर्षात वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद किती दिवस रिकामं होतं ते विचारा. प्रतिविष आणि बीपीच्या गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या, जोखमीच्या किती माता पुढं पाठवल्या आणि त्या पोचल्या कुठं, आणि हद्दीतल्या वीटभट्टीवरच्या किती मुलांना लस मिळाली, हेही विचारा. उत्तरं रजिस्टरात असतात, काढावी लागतात. गावाच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीसाठी वर्षाला दहा हजारांचा अबंध निधी ठेवलेला आहे. तो आला का आणि कशावर खर्च झाला, ते त्याच सभेत मागता येतं.